मंगळवारी मोठ्या बाई बाकावर

"मॅडम, इधर शुरू से क्लिनिकही है," रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली. "स्कूल-वूल कुछ नहीं था."

"था," मी म्हटलं. "इधरही था."

तिनं मान हलवली, हट्टी पेशंटपुढे हलवतात तशी. मी काही सोडणारी नव्हते. तिचं टेबल आहे तिथे पाण्याची टाकी होती, स्टीलची, उन्हाळ्यात तिच्या नळाला हात लावला की चटका बसायचा. एक्स-रेची खोली म्हणजे ऑफिस. जिथे गाड्या उभ्या आहेत तिथे पटांगण आणि त्यात बोरीचं झाड. आणि आत, ज्या खुर्चीत माझे बाबा आत्ता तोंड उघडून पडले आहेत, तिथे आमचा दुसरीचा वर्ग होता. बाबा थंडीचे दोन महिने पुण्याहून माझ्याकडे येतात. यंदा दाढ घेऊन आले. मीच त्यांना या दवाखान्यात आणलं. आखातातल्या या शहरात, देऱ्यात, दातांचे दवाखाने काही कमी नाहीत, पण मला इथेच यायचं होतं.

भिंतीला आता निळसर रंग आहे आणि लवंगेच्या तेलाचा वास. बसल्या बसल्या डोळे मिटले तर खाली तो जुना वास सापडतो का, हे मी बघत राहिले. सापडला नाही. पण आठवला मात्र लगेच, आणि तो मंगळवारचा वास होता.

नव्वदच्या दशकातली आमची शाळा शनिवारी भरायची आणि बुधवारी आठवडा संपायचा. फाटकावर पाटी दोन लिप्यांतली, डावीकडून इंग्रजी आणि उजवीकडून अरबी, दोन्ही अक्षरं मध्ये एका खिळ्यापाशी येऊन थांबलेली. इतर दिवस इंग्रजीचे. मंगळवार मात्र अख्खा अरबीचा. गणित अरबीत, खेळ अरबीत, भांडण अरबीत, बाथरूमला जायची परवानगीसुद्धा अरबीत. ती मागता येत नसेल तर पाय घट्ट जुळवून उभं राहायचं.

शाळा काढली ती हॅडली नावाच्या इंग्रज नवराबायकोनं. कशी काढली ती गोष्ट दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या मंगळवारी पटांगणात सांगितली जायची, आणि ती सांगायला दोघी लागायच्या. एक मिसेस हॅडली. आमच्या आईनं त्यांचं नाव 'मोठ्या बाई' ठेवलं होतं आणि आमच्या घरात तेच चालायचं. दुसऱ्या उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, शेजारच्या घरातल्या. त्यांचं स्वतःचं नाव आम्हाला कधी कळलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

मिस्टर हॅडली बंदराच्या कामावर इंग्लंडहून आले तेव्हा या भागात रस्ते नव्हते, नुसती वाळू होती. मोठ्या बाई आपल्या दोन मुलांना घराच्या व्हरांड्यात शिकवायच्या. पलीकडून एक बाई रोज भिंतीवरून बघायची. एक दिवस ती आपली पोरं घेऊन फाटकातून सरळ आत आली आणि हातवारे करून म्हणाली, यांनाही शिकव. मोठ्या बाईंनी शिकवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, या वेळी चटई काखोटीला मारून. चटई व्हरांड्यात अंथरली आणि मोठ्या बाईंना बोटानं दाखवलं: आता तू बस.

एवढीच आमच्या शाळेची गोष्ट. पण तेवढी सांगायला दोघींना तासभर लागायचा, कारण भिंत किती उंच होती यावरून दरवर्षी वाद व्हायचा. मोठ्या बाई कमरेपाशी हात दाखवायच्या. उम्म सालेम हात खांद्यापर्यंत न्यायच्या आणि म्हणायच्या की तेवढ्या उंच भिंतीवरून बघायचं तर मला रोज डब्यावर चढावं लागायचं, तिला काय माहीत. आम्ही पोरं आपापली बाजू घेऊन ओरडायचो. मी कायम खांद्याच्या बाजूची.

तर मोठ्या बाई बसल्या, त्या बसल्याच. मी शाळेत गेले तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते, तरी दर मंगळवारी पहिल्या तासाला त्या आमच्यासारख्याच दप्तर घेऊन यायच्या आणि लहान मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या. शिकवायला उम्म सालेम. घशातून काढायची अक्षरं मोठ्या बाईंना जन्मात जमली नाहीत. उम्म सालेम त्यांना उभं करायच्या, पुन्हा म्हणायला लावायच्या, पुन्हा चुकून तोंडून इंग्रजी निघालं की दाराकडे बोट करायच्या. कारण नियम असा होता की मंगळवारी जो चुकून इंग्रजीत बोलेल त्यानं बोरीला मगभर पाणी घालून यायचं. बाकी सगळा आठवडा जिच्यापुढे आमची बोबडी वळायची ती हेडमिस्ट्रेस मग हातात निळा मग घेऊन उन्हात चालत जायची. ते झाड निम्मं त्यांच्या चुकांवर वाढलं.

तापलेल्या वाळूवर पाणी पडल्याचा तो फसफसता आवाज मी कुठेही ओळखीन. आणि ऊद. उम्म सालेम सकाळी धुपाटणं घेऊन वर्गावर्गातून फिरायच्या. धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा, केसांत घ्यायचा, कॉलरीत घ्यायचा. घरी गेल्यावर आई माझा युनिफॉर्म नाकाशी धरायची आणि म्हणायची, "आज काय थाट आहे बाई!" आईचा मंगळवारी गणपतीचा उपास, त्यामुळे माझ्या डब्यातही साबुदाण्याची खिचडी. उम्म सालेम माझ्या डब्यातला पहिला घास हक्कानं खायच्या. दाण्याचा कूट कमी असेल तर तोंड वाकडं करायच्या, आणि तो निरोप मला घरी पोचवावा लागायचा. आईची आणि त्यांची कधी भेट झाली नाही, पण पुढच्या मंगळवारी कूट वाढलेला असायचा.

लाडानं आठवण काढावी असं सगळं होतं, असं मुळीच नाही. आम्ही मंगळवारला शिव्या घालायचो. आमचं अरबी म्हणजे टॅक्सीवाल्याचं आणि बकालावाल्याचं, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याचं, निम्मं हिंदी. 'माफी मालूम', म्हणजे माहीत नाही, एवढं म्हटलं की आम्हाला वाटायचं जिंकलो. उम्म सालेम ते ऐकून कानांवर हात ठेवायच्या, जणू मी त्यांच्या घरासमोर कचरा टाकला. पण त्या बाकावर बसलेली ती पांढऱ्या केसांची बाई आमच्याइतकीच मठ्ठ ठरायची, आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं इंग्रजी शिकवायला उभी राहायची. चुकण्याची लाज वाटायची नसते, हे मला कुणी सांगितलं नाही. मी बघितलं.

मी नववीत होते तेव्हा मिस्टर हॅडली गेले. मग शाळेत टाय लावलेली नवी माणसं दिसू लागली, ऑफिसात नवं फर्निचर आलं, फाटकाची पाटी रंगवायला म्हणून काढली ती परत लागली नाही. काय झालं, कुणी विकलं, कुणी घेतलं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. पालकांची सभा झाली तेवढी आठवते, कारण बाबा तिथून खुशीत घरी आले होते.

"खलास," हात धुता धुता ते म्हणाले. "ट्यूसडेचं ते प्रकरण बंद. मीच पहिला हात वर केला."

"म्हणजे मंगळवारी सुट्टी?" आईनं विचारलं.

"सुट्टी कसली? प्रॉपर इंग्लिशमध्ये शाळा. अगं, हेडमिस्ट्रेस बेंचवर बसते, पोरं हसतात, हा काय तमाशा आहे? इंग्लिश लोकांची शाळा म्हणून ॲडमिशन घेतली ना आपण? उद्या हिला पुण्यात कॉलेजला जायचंय. तिथे कोण विचारणार आहे अरेबिक?"

"बाबा, बट दॅट इज द स्कूल," मी म्हटलं.

"काय?"

"ट्यूसडे. ट्यूसडे इज द स्कूल."

बाबांनी आमटी वाढून घेतली.

नोटिशीवर सही मोठ्या बाईंचीच होती. पुढच्या महिन्यापासून मंगळवार इतर दिवसांसारखा, अरबी फक्त त्याच्या तासापुरतं. उम्म सालेमना पुष्पगुच्छ देऊन निरोप देणार असंही त्यात होतं. हे ज्यानं लिहिलं त्यानं उम्म सालेमना कधी पाहिलं नसणार.

तो पहिला इंग्रजी मंगळवार. ऊद नाही, निळा मग नाही. आमच्या वर्गशिक्षिका हजेरी घेऊ लागल्या. पहिल्या बाकावर माझी मैत्रीण रीम बसायची, सुदानी, उंच, फार कमी बोलणारी. तिचं नाव पुकारल्यावर 'प्रेझेंट, मिस' यायला हवं होतं. रीम उठून म्हणाली, "हादिरा."

टीचर म्हणाल्या, "इन इंग्लिश, प्लीज." रीम पुन्हा म्हणाली, "हादिरा," आणि बसली.

रीमला ते सोपं होतं, तिच्या घरचीच भाषा ती. माझं नाव तिच्यानंतर होतं. माझ्या बाबांनी पहिला हात वर केला हे वर्गाला माहीत होतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मला एवढं कळलं की आत्ता मी 'प्रेझेंट' म्हटलं तर मंगळवार इथेच, या क्षणी मेला. माझ्या मागचे सगळे तेच म्हणणार. मी उठले आणि म्हटलं, "हादिरा." आपल्या 'हजर'चंच ते भावंड, पण हजर राहायला इतकं बळ लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग सगळा वर्ग. सायप्रसचा मुलगा, केरळच्या दोघी, ज्यांना अरबीत दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं त्या पाकिस्तानी जुळ्या बहिणी. गणिताच्या तासाला मी फळ्यापाशी गेले आणि प्रत्येक प्रश्नाला 'खम्सा' म्हटलं, म्हणजे पाच, कारण घाबरल्यावर तेवढंच आठवत होतं. एकदा उत्तर खरंच पाच निघालं तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीपर्यंत ते खालच्या वर्गांत पोचलं. ज्यांना एक शब्द येत नव्हता ती पोरं मुकाट बसली, पण इंग्रजी बोलली नाहीत. उम्म सालेम कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या, तोंडावर नेहमीचा राग. आमचं कौतुक वगैरे त्यांनी केलं नाही. तरातरा घरी गेल्या आणि पेटवलेलं धुपाटणं घेऊन परत आल्या.

दुपारी मला ऑफिसात बोलावलं. बाबांना फोन गेला होता, ते शिपिंग कंपनीतून कामं सोडून आले होते, गळ्यातलं ओळखपत्र तसंच.

"आस्क हर," बाबा मोठ्या बाईंना म्हणाले. "प्लीज आस्क हर व्हाय. यू आर द प्रिन्सिपल."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या वर्षभरात फार थकल्या होत्या. बोलायला तोंड उघडलं, पहिला शब्द इंग्रजीच येणार होता, तो त्यांनी गिळलेला मला दिसला. मग त्या आपल्या त्या भयंकर उच्चारांत म्हणाल्या, "लेश?" का?

"अल-यौम थलाथा," मी म्हटलं. आज मंगळवार आहे. आणि पुढे मी बोलत गेले. कुठून आलं कोण जाणे, अडखळत, क्रियापदं मोडत आलं. मी म्हटलं, हा दिवस तुम्ही आम्हाला दिलात. एकदा दिलेलं परत मागता येत नाही. तुम्ही बाकावर बसत होता म्हणून मला चुकायची भीती वाटत नव्हती. आता वाटेल.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एक क्रियापद सुधारून दिलं. बरोबर सुधारलं. त्यांनी अरबीत मला दुरुस्त केलेलं ते पहिलं आणि शेवटचं. त्यानंतर त्या बाबांकडे वळल्या, खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "तफद्दल." स्वतःच्या सहीची नोटीस त्यांनी तिथल्या तिथे मोडली होती. बाबा बसले नाहीत. इतकी वर्षं या देशात काढून त्यांना यल्ला, खलास आणि इन्शाल्ला यापलीकडे काही येत नव्हतं. ते एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

गाडीत ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही इथे."

आणि मी गेले नाही. मला इंडियन सिलॅबसच्या शाळेत टाकलं. रीम फोनवर सांगायची, या मंगळवारी एवढे टिकले, या मंगळवारी तेवढे. नव्या लोकांनी मग परीक्षा मंगळवारी ठेवायला सुरुवात केली. पेपर अरबीत लिहिला की भोपळा. रीमनं एकदा तो भोपळासुद्धा घेतला. मग तीही सुदानला गेली, मोठ्या बाई इंग्लंडला, उम्म सालेमनी शेजारचं घर सोडलं, आणि शाळा नव्या भागात, नव्या नावानं गेली. तिच्या वेबसाइटवर इतिहास आहे. त्यात मिस्टर हॅडली आहेत, बंदर आहे, इंग्रजी शिक्षणाची परंपरा आहे. चटई नाही, भिंत नाही, ती बाई नाही. मी त्यांना लिहिलं. उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहीन.

माझी शाळा सुटली, मंगळवार मी सोडला नाही. दर मंगळवारी रात्रीच्या जेवणाला मी घरी फक्त अरबीत बोलायचे. मीठ मागायचं अरबीत, ताक नको म्हणायचं अरबीत. बाबा त्या दिवशी ताटाकडे बघून जेवायचे. आई मात्र उपास सोडता सोडता शिकली. "मोय?" म्हणून पाणी पुढे करायची आणि मी "शुक्रन" म्हटलं की अशी खुलायची की काय सांगू. ती गेली तोवर तिला पन्नासेक शब्द येत होते, निम्मे स्वयंपाकघरातले. पुढे कॉलेजला पुण्यात गेले तेव्हाही मी खोलीत एकटी मोठ्यानं अरबी वाचायचे. आज मी इथे त्याच भाषेत करारांचे मसुदे करते. उपयोग झाला का, हे विचारणाऱ्यांना मी हे सांगत नाही. उपयोग नसता झाला तरी मी 'हादिरा'च म्हटलं असतं.

दार उघडून बाबा बाहेर आले. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं होतं, बधिर व्हायला थोडा वेळ लागेल म्हणाल्या होत्या. बाबा गालावर हात ठेवून माझ्या शेजारी बसले. बराच वेळ एक्स-रेच्या दाराकडे बघत होते.

"ते ऑफिस ना गं?" अर्ध्या ओठानं ते म्हणाले.

रिसेप्शनवरच्या मुलीनं मान वर केली. मी "हो" म्हटलं. इतक्या वर्षांत बाबांनी त्या दिवसाचा शब्द काढला नव्हता.

"तुला वाटतं मी चिडलो होतो. अरेबिकवर, त्या बाईंवर." ते थांबले, जीभ जड झाली होती. "तू बोलत होतीस. चांगलं घडाघडा. त्यांना समजत होतं. मला एक अक्षर नाही. माझी मुलगी, आणि मला एक अक्षर नाही. मला वाटलं, गेली ही. घाबरलो मी."

त्यांचा हात सुरकुतलेला, गालावर तसाच. मुलीनं अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला माहीत आहे. जाऊ द्या बाबा, झालं गेलं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण रीमनं भोपळा घेतला होता. पण एक म्हातारी बाई उन्हात मग घेऊन चालली होती.

"तुमचं चुकलं, बाबा," मी म्हटलं. "मोठ्या बाई तुमच्याहून मोठ्या होत्या. त्या बसायच्या. तुम्ही पण बसायचं होतंत."

"मला कोणी बोलावलं?"

"मी," मी म्हटलं. "दर मंगळवारी. जेवताना. मी तुम्हालाच बोलावत होते."

बाबांनी गालावरचा हात काढला. आतून डॉक्टरबाईंनी त्यांचं नाव पुकारलं, एकदा, मग पुन्हा. ते माझ्याकडे बघत बसून राहिले.